खांबाशी अडणारा पाठलाग

बालाघाटाच्या पठारावर पसरलेल्या आणि पर्जन्याच्या लहरीवर ज्याचा बराचसा संसार अवलंबून आहे अशा धाराशिव जिल्ह्याला, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादला, महाराष्ट्राच्या क्रीडाक्षेत्रात जे मानाचे स्थान लाभले आहे ते मुख्यतः खो-खोच्या बळावर. २०१६ साली गुवाहाटी येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत ज्या भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवले, त्याचे नेतृत्व याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्याकडे होते. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि त्या वेळी त्या तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी या नात्याने शासकीय सेवेत होत्या. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोचा पहिला विश्वचषक भरला, तेव्हा अंतिम सामन्यात नेपाळवर ७८ विरुद्ध ४० अशी मात करणाऱ्या भारतीय महिला संघातही धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्याच. चंद्रजित जाधव यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी इथल्या मैदानावर सायंप्रातः जी मेहनत घेतली, तिचे हे फळ होय.

ज्या जिल्ह्यात असे खेळाडू निर्माण होतात, त्याच जिल्ह्यातील महाविद्यालयीन संघांचे सामने सातत्याने पाहणाऱ्या मनुष्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही. हे संघ धावण्यात उणे नाहीत, दमसासात उणे नाहीत, मैदानाच्या मध्यभागी त्यांचे खो झपाट्याने आणि बिनचूक पडतात. परंतु पुढे पळणारा गडी एकदा खांबाजवळ आला, म्हणजे वास्तविक ज्या ठिकाणी तो हाती लागावयाचा त्या ठिकाणी आला, की यांचा पाठलाग अडखळतो, खो एक क्षण उशिरा तरी पडतो किंवा एक क्षण लवकर तरी पडतो, आणि आवळत आणलेला गडी मोकळा होऊन पुन्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे निघून जातो. प्रेक्षक हळहळतात, खांबावर झेप घेणाऱ्या मुलाच्या नावाने दोन शब्द बोलतात, आणि गुणपत्रिकेत या सर्व प्रकाराची कसलीही नोंद होत नाही. माझे म्हणणे असे आहे की हा दोष झेप घेणाऱ्याचा क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा त्याच्या आधी दिलेल्या, किंवा द्यावयाचा राहून गेलेल्या, खोचा असतो. आणि हे का घडते याचे कारण मैदानाच्या आखणीतच दडलेले आहे.

तेव्हा प्रथम आखणी पाहू. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाला नियमांची पहिली चौकट दिली, आणि त्यानंतर मापे वेळोवेळी थोडीफार बदलत गेली, तरी मूळ रचना आजतागायत कायम आहे. आजचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. त्याच्या मधोमध, एकमेकांपासून २४ मीटर अंतरावर, जमिनीपासून सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचे दोन खांब रोवलेले असतात. आणि या दोन खांबांना जोडणारी ३० सेंटिमीटर रुंदीची मध्यपाटी मैदानाचे दोन समान भाग करते. मध्यपाटीला आठ आडव्या पाट्या छेदतात, व प्रत्येक छेदाच्या चौरसात पाठलाग करणाऱ्या संघाचा एकेक गडी बसतो. शेजारशेजारचे गडी विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, ही गोष्ट वाचकाने मनात पक्की धरावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. खांबांच्या पलीकडे, शेवटच्या रेषेपर्यंत, दीड मीटर रुंदीची जी पट्टी उरते तिला मुक्त क्षेत्र म्हणतात.

पळणाऱ्यांवर बंधने थोडी आहेत. त्यांनी हद्दीबाहेर जाऊ नये आणि बसलेल्या गड्यांना स्पर्श करू नये, एवढे पाळले की मध्यपाटी कोठूनही ओलांडून या भागातून त्या भागात जाण्याची त्यांना पूर्ण मुभा आहे. पाठलाग करणाऱ्याला मात्र मध्यपाटी ओलांडण्यास सक्त मज्जाव आहे. शिवाय एकदा ज्या दिशेने तो निघाला ती दिशा खांबापर्यंत पोहोचल्याखेरीज त्याला बदलता येत नाही, आणि ज्या गड्याची आडवी पाटी त्याने मागे टाकली त्याला मागे फिरून खो देता येत नाही. मुक्त क्षेत्रात पाय पडल्यावरच ही बंधने सुटतात व खांबाला वळसा घालून त्याला पलीकडच्या भागात जाता येते. एवढ्या जखडलेल्या मनुष्याने एका स्वैर धावणाऱ्याला पकडावे कसे, याचे उत्तर म्हणजेच खो: बसलेल्या गड्याच्या पाठीला मागून स्पर्श करून, त्याच क्षणी मोठ्याने उच्चार करून, आपला पाठलागाचा अधिकार त्याच्या स्वाधीन करणे, आणि स्वतः त्याच्या जागी बसणे. तो गडी ज्या बाजूला तोंड करून बसला असेल त्या बाजूला उठून धावतो. म्हणजे पाठलाग मध्यपाटी ओलांडतो, परंतु पाठलाग करणारा कोणीही ती ओलांडत नाही. या खेळाच्या कल्पकतेचा मला जो अत्यंत आदर वाटतो तो मुख्यत्वे या एका तरतुदीमुळे.

आता खो मागूनच द्यावयाचा, या नियमाचा परिणाम पाहा. मैदान पूर्व-पश्चिम आहे असे समजू आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे बसलेल्या गड्यांना एक ते आठ असे अनुक्रमांक देऊ. विषम क्रमांकाचे गडी उत्तरेकडे तोंड करून बसले आहेत आणि सम क्रमांकाचे दक्षिणेकडे. पाठलाग करणारा उत्तरेच्या भागातून पूर्वेच्या खांबाकडे धावत असेल तर त्याला पाठमोरे असलेले गडी दोन, चार, सहा आणि आठ हे आहेत. या चौघांपैकी कोणालाही तो खो देऊ शकतो, आणि त्यांतला शेवटचा, आठवा, खांबाला अगदी लागून बसलेला आहे. हे गडी म्हणजे भिंतीतील दरवाजे आहेत असे मानले, तर या कोपऱ्यात शेवटचा दरवाजा खांबापासून सुमारे अडीच मीटरांवर आहे. पण तोच मनुष्य दक्षिणेच्या भागातून त्याच खांबाकडे धावत असेल तर त्याचे दरवाजे एक, तीन, पाच आणि सात हे होत. आठवा गडी त्याच्याकडे तोंड करून बसलेला असल्याने त्याचा काही उपयोग नाही. सातव्याची पाटी मागे पडली की खांबापर्यंतच्या पाच मीटरांहून अधिक अंतरात या माणसाला एकही दरवाजा उरत नाही. पळणारा मध्यपाटी ओलांडून उत्तरेला गेला तर याने खांबापर्यंत धावत जाऊन, वळसा घालून, मगच त्याच्या मागे लागावयाचे. पश्चिमेच्या खांबाशी हीच स्थिती उलट होते: तेथे दक्षिणेचा कोपरा सोयीचा आणि उत्तरेचा अडचणीचा. सारांश, मैदानाला चार कोपरे आहेत आणि त्यांपैकी समोरासमोर तिरकस असलेले दोन कोपरे पाठलाग करणाऱ्याला अनुकूल व दोन प्रतिकूल आहेत. अनुभवी पळणाऱ्याला हे पाठ असते. कोणी त्याला आकृती काढून दाखवलेली नसेल, पण त्याचे पाय त्याला बरोबर त्या प्रतिकूल कोपऱ्याकडेच नेतात.

मैदानाच्या मध्यभागी ही विषमता जाणवत नाही, कारण तेथे एक दरवाजा हुकला तर पाच-साडेपाच मीटरांवर दुसरा असतो आणि चूक दुरुस्त करण्यास अवसर मिळतो. खांबाजवळ तो अवसर संपतो. अमेरिकेत महाविद्यालयांचा जो फुटबॉल अतिशय लोकप्रिय आहे, ज्यात चेंडू हाताने फेकून साथीदाराकडे पोहोचवतात, त्यातही अगदी याच स्वरूपाची एक समस्या आहे. प्रतिपक्षाच्या गोलरेषेअलीकडच्या वीस यार्डांना, म्हणजे सुमारे अठरा मीटरांना, तिकडे 'रेड झोन' म्हणतात. आणि संपूर्ण मैदान सुरेख रीतीने चालून आलेला संघ या पट्ट्यात येऊन फेकी चुकवू लागतो, असा तेथील प्रशिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. कारण उघड आहे. गोलरेषेच्या पलीकडे केवळ दहा यार्डांची पट्टी उरलेली असल्यामुळे बचाव करणाऱ्यांना पाठीमागच्या विस्तीर्ण जागेची राखण करण्याची जरुरी राहत नाही, ते दाटीने उभे राहतात, साथीदारांमधल्या मोकळ्या जागा आक्रसतात, आणि मैदानाच्या मध्यावर जी फेक निर्धास्तपणे करता येत होती तीच आता अर्ध्या क्षणाच्या विलंबाने प्रतिपक्षाच्या हाती जाते. फेकणाऱ्याचे कौशल्य तेच असते. त्याला निर्णयासाठी मिळणारा अवधी मात्र तो राहत नाही. धाराशिवच्या मैदानावर खो देणाऱ्याची जी कुचंबणा होते ती तत्त्वतः हीच आहे.

जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, पावसाळा सरून मुरमाड जमीन घट्ट झालेली असताना, एका महाविद्यालयाच्या मुलांचा सराव मी मैदानाच्या कडेला बसून पाहत होतो. दक्षिणेच्या भागातून एक उंच मुलगा पूर्वेच्या खांबाकडे धावत होता. त्याच्या पुढे, हात लांबवला तर जेमतेम पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर, एक बारकेला पळणारा होता. पाचव्या गड्यापाशी उंच मुलाने खो देण्याचा आविर्भाव केला, पळणारा क्षणभर आत वळला, फसगत झाल्याचे पाहून पुन्हा सरळ झाला, आणि या गडबडीत दोघांमधले अंतर आणखी कमी झाले. येथवर सर्व काही नमुनेदार होते. मग सातवा गडी आला. उंच मुलाची नजर पळणाऱ्याच्या पाठीवर खिळलेली होती. आता हा सापडलाच, या भरात त्याने सातव्याची पाटी तशीच ओलांडली. पळणाऱ्याने उजवा पाय जमिनीत रोवला, खांदा खाली घातला आणि आठव्या गड्याच्या अलीकडून मध्यपाटी ओलांडून तो उत्तरेला गेला. उंच मुलगा तसाच खांबापर्यंत गेला, खांबाला धरून त्याने जीव तोडून पलीकडे झेप घेतली, कुशीवर आदळला आणि धुळीत एकटाच पडून राहिला. पळणारा तोपर्यंत पाचव्या गड्यापाशी चालत होता.

"अरे, सातला खो का नाही दिलास?" प्रशिक्षकांनी विचारले.

"सर, हातातच आला होता की. अजून एक पाऊल पाहिजे होतं," तो कोपराचे खरचटलेले पाहत म्हणाला.

त्या मुलाचे उत्तर अप्रामाणिक नव्हते, आणि बहुतेक खेळाडूंना असेच वाटते. पण ते एक पाऊल त्याला मिळणारच नव्हते. सातव्याची पाटी सोडल्याबरोबर पळणाऱ्यापुढे तीन मार्ग खुले झाले, सरळ जाऊन खांबाला वळसा घालण्याचा, आठव्याच्या अलीकडून आत शिरण्याचा आणि आठव्याच्या पलीकडून शिरण्याचा, आणि पाठलाग करणाऱ्यापुढे मात्र एकच मार्ग राहिला. ज्याच्यापुढे तीन मार्ग आहेत तो ज्याच्यापुढे एकच आहे त्याची वाट पाहत थांबत नसतो. झेप कमी पडली असे जे सर्वांना दिसले, तो केवळ परिणाम होता. फैसला त्याआधी, दोन पावले मागे, होऊन चुकला होता.

यावर कोणी असे म्हणेल की मग प्रतिकूल कोपऱ्यात सातव्या गड्याला नेमाने खो द्यावा, म्हणजे प्रश्न मिटला. पण तसे केल्याने तो मिटत नाही. खो फार लवकर दिला, म्हणजे पळणारा अजून सरळ धावत आहे आणि त्याचे वजन दोन्ही पायांवर सारखे आहे अशा वेळी दिला, तर सातवा गडी उत्तरेला उठतो, पळणारा दक्षिणेलाच राहतो, आणि आपल्या मागे कोणी उरले नाही हे खोच्या आवाजावरून ओळखून तो निवांतपणे उलट फिरतो. उत्तरेला उठलेल्या गड्याला आता आठव्याला खो द्यावा लागतो, आठवा दक्षिणेला उठतो, आणि या दोन देवघेवींत जो वेळ जातो तेवढ्यात पळणाऱ्याने अर्धे मैदान गाठलेले असते. खो देण्याचा योग्य क्षण हा पळणाऱ्याचा भार ज्या क्षणी बाहेरच्या पायावर जातो, म्हणजे आत वळण्याचा त्याचा निश्चय शरीरात उतरतो पण अमलात आलेला नसतो, तो एक क्षण होय; त्यापूर्वी दिलेला खो त्याला परत फिरू देतो आणि त्यानंतर दिलेला खो त्याला निसटू देतो. म्हणून निष्णात पाठलाग करणारा खांबाजवळ पळणाऱ्याच्या पाठीकडे किंवा डोक्याकडे पाहत नाही, कारण डोके आणि खांदे हुलकावणी देण्यासाठीच असतात. तो कमरेकडे आणि गुडघ्याकडे पाहतो. कंबर सहसा खोटे बोलत नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते संघरचनेशी निगडित आहे. पुष्कळ महाविद्यालयीन संघांत खांबावर झेप घेण्यात तरबेज असा एखादाच खेळाडू असतो आणि डाव सुरू होताना त्याला पहिल्या किंवा आठव्या चौरसात बसवतात. ही योजना पहिले काही क्षणच टिकते, कारण खो देणारा ज्याला खो देतो त्याच्याच जागी बसतो. पाच-सात खो झाले की कोण कोठे बसला आहे याचा मूळ नकाशाशी काही संबंध राहत नाही. पाठलागाच्या पाळीची मुदत पारंपरिक पद्धतीत नऊ मिनिटांची असते. तिच्या दुसऱ्या मिनिटानंतर खांबाशेजारी कोण सापडेल हे केवळ योगायोगावर अवलंबून राहते. अशा वेळी शेवटच्या चौरसात एखादा असा गडी बसलेला असतो की ज्याने सरावात खांबाला कधी हात लावलेला नाही, आणि नेमका त्याच्या पाठीवर खो पडतो. तो उठतो, पण कोणत्या बाजूला वळावे याचा त्याला उलगडा होत नाही. खांबाकडे वळावे तर पळणारा आत गेला, आणि मैदानाकडे वळावे तर तो खांबाबाहेरून गेला. खांद्याची रेघ एका बाजूला वळली की दिशा ठरली, आणि मग पुन्हा खांब येईपर्यंत ती बदलता येत नाही. ज्या संघाचे नऊही गडी खांबाशी वागणे जाणतात, आणि त्यातही जे खो देताना कोणता गडी कोठे जाऊन बसतो याचे भान ठेवून आपल्या पटाईत झेपवाल्याला हळूहळू टोकाकडे सरकवतात, त्यांच्याविषयी लोक म्हणतात की यांचे नशीब चांगले आहे. ते नशीब नव्हे.

खांबावरील झेपेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ती या खेळातील सर्वांत देखणी कृती आहे. धावत आलेला गडी वेग कमी न करता आतल्या हाताने खांब पकडतो, त्या पकडीच्या आधाराने सारे शरीर जमिनीला जवळजवळ समांतर आडवे फेकतो, आणि खांबाभोवती कमानीसारखे फिरून मोकळ्या हाताने पलीकडच्या गड्याला टिपतो. पाय धावून जेथे पोहोचले नसते तेथे हात पोहोचतो. ती पकड फार वर पडली तर शरीर उंचावरून आदळते, फार खाली पडली तर फेरा लहान होतो. मातीच्या मैदानावर हे शिकताना कोपर, गुडघा आणि कुल्ल्याचे हाड सोलून निघते, आणि गादीचे मैदान अलीकडे मोठ्या स्पर्धांतून आले असले तरी आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य मुले अजून मुरुमावरच ही विद्या शिकतात. त्यामुळे जेव्हा असा मुलगा रिकाम्या जागी झेप घेऊन पडतो, तेव्हा त्याच्या उणिवेची चर्चा करण्यापूर्वी त्याला तेथे कोणत्या स्थितीत ढकलले गेले याचा विचार करणे हे न्यायाचे होईल.

नियमभंगाची किंमतही खांबाजवळच सर्वाधिक पडते. घाई झालेला बसलेला गडी खो मिळण्यापूर्वीच उठतो, किंवा धावणाऱ्याचा पाय मध्यपाटीवर पडतो, आणि पंचांची शिटी वाजते; शिटी वाजली की पाठलाग करणाऱ्याने उलट दिशेने जावयाचे, आणि त्या नियमभंगातून कोणी बाद झाला असेल तर तो बाद धरावयाचा नाही. मैदानाच्या मध्यभागी उलट दिशेला जाण्याने फारसे बिघडत नाही. खांबाशी मात्र याचा अर्थ असा की ज्याला कोपऱ्यात कोंडला होता त्यालाच मोकळे सोडून पाठ फिरवावयाची.

हे सारे नोंदले का जात नाही, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. सामन्याचा जो वृत्तांत वर्तमानपत्रांत येतो त्यात अमक्याने एक मिनिट चाळीस सेकंद संरक्षण केले, तमक्याने आक्रमणात चार गडी टिपले, एवढा तपशील असतो. गुणलेखकाच्या दप्तरातही त्याहून फार अधिक नसते. त्यावरून पळणाऱ्याची कामगिरी नीट कळते, कारण त्याचे मोजमाप काळाने होते. पण पाठलागाचे मोजमाप केवळ टिपलेल्या गड्यांवरून होत असल्यामुळे, खांबापर्यंत आणून सोडलेल्या गड्यांचा हिशेब कोणाच्याच खाती पडत नाही. नऊ मिनिटे म्हणजे ५४० सेकंद, आणि प्रतिपक्षाचे नऊ पळणारे. सर्वांना एकदा बाद करावयाचे तर दर मिनिटाला एक गडी पडला पाहिजे. खांबाशी निसटलेला एक गडी पुन्हा खांबापर्यंत आणण्यात त्या मिनिटातला किती भाग खर्ची पडतो, हे एकदा घड्याळ लावून पाहिले म्हणजे या दुर्लक्षित नोंदीचे महत्त्व पटेल.

मी त्या प्रशिक्षकांना सुचवले, आणि त्यांनी ते मोठ्या मनाने मान्य केले, की राखीव गड्यांपैकी एकाच्या हाती वही द्यावी आणि त्याने गुण न लिहिता फक्त खांबावरची प्रत्येक आवक लिहावी: गडी कोणत्या कोपऱ्यात आला, शेवटचा खो कोणत्या चौरसावर दिला, लवकर पडला की उशिरा, आणि पुढे काय झाले. आकृती काढण्याचीही गरज नाही. चार कोपऱ्यांचे चार रकाने पुरतात. वही भरू लागली तशी मुलांची आपापसांतली भाषा बदलली. "याने पोल मारला नाही" असे जे पूर्वी म्हटले जाई त्याऐवजी "सातवर सोडला" असे ऐकू येऊ लागले. आणि दोष झेपेवरून खोवर सरकला, की सरावाची जागाही आपोआप सरकते. खांबाशी उभे राहून झेपेमागून झेप घेण्याऐवजी पाठलाग पाचव्या चौरसापासून सुरू करावा, पळणाऱ्याला प्रतिकूल कोपऱ्यातच पाठवावे, आणि सातव्या गड्याशी येऊन थांबावे. खांबापर्यंत जाऊच नये. बसलेल्या गड्यांनी या वेळी पंजांवर भार ठेवून, हात जमिनीला टेकवून, मान वळवून पळणाऱ्याची कंबर पाहत राहावे, म्हणजे खो पाठीवर पडण्यापूर्वीच कोणत्या बाजूला वळावयाचे हे त्यांचे ठरलेले असेल. हा सराव रुक्ष आहे, त्यात टाळ्या मिळत नाहीत, आणि तरुण मुलांना तो आवडावा असे त्यात काही नाही. तरीही तो करून घेणारा प्रशिक्षक माझ्या मते झेप शिकवणाऱ्याहून अधिक दूरदर्शी आहे.

येथे कोणी नव्या पद्धतीच्या खो-खोकडे बोट दाखवील. २०२२ साली पुण्याच्या बालेवाडी येथे अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. तिच्यात प्रत्येक बाजूला सात खेळाडू, सात मिनिटांची पाळी आणि 'वझीर' नावाचा एक विशेष आक्रमक आला, ज्याला दिशेचे बंधन नाही. दिशेचे बंधन गेले की मी वर वर्णन केलेली कोपऱ्यांची विषमता त्या एका गड्यापुरती पुष्कळ अंशी नाहीशी होते. तो चुकला तरी मागे फिरू शकतो. खेळ त्यामुळे वेगवान आणि प्रेक्षणीय झाला हे मला मान्य आहे, आणि खेडोपाडीच्या मुलामुलींना त्यातून चार पैसे मिळू लागले याचा आनंद त्याहून मोठा आहे. परंतु वझीर खो देऊन बसला की उरलेले गडी त्याच जुन्या बंधनांनी बांधलेले असतात, आणि सहा बसलेल्या गड्यांच्या रांगेतही शेजारशेजारची तोंडे विरुद्धच असतात. म्हणजे दोन कोपरे अनुकूल व दोन प्रतिकूल ही व्यवस्था तेथेही तशीच राहते. आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांत तर आपल्या मुलांना अजून प्रायः जुन्या पद्धतीच्या सामन्यांशीच गाठ घालावयाची असते.

या जुन्या पद्धतीत एक प्रसंग असा येतो की जेथे वरील सर्व विवेचनाची कसोटी लागते. दोन्ही डाव संपून गुण समान राहिले तर अलाहिदा डाव खेळवतात, आणि त्यानंतरही समानता सुटली नाही तर लघुत्तम आक्रमण होते. त्यात प्रत्येक संघाने पाठलाग करून फक्त पहिला गडी बाद करावयाचा असतो, आणि त्याला किती वेळ लागला तेवढेच मोजतात. ज्याला कमी वेळ लागला तो विजयी. समोर प्रतिपक्षाने निवडून पाठवलेले सर्वोत्तम तीन पळणारे असतात. ते मध्यभागी साखळी खेळत, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी धावत, राहतात, आणि पाठलाग फारच आवळला तेव्हाच खांबाकडे येतात. आले तर प्रतिकूल कोपऱ्यातच येतात. अशा वेळी बहुतेक संघ आपल्या सर्वांत वेगवान गड्याला प्रथम धावावयास उभा करतात आणि झेपवाल्याला टोकाला बसवतात. त्या दोघांच्या मध्ये, तिसऱ्या आणि सहाव्या चौरसांच्या दरम्यान, कमरेकडे पाहून खो देण्याची ज्यांना सवय आहे असे गडी बसवावेत, आणि दुसरा व सातवा हे दोन चौरस तर संघातील सर्वांत शांत डोक्याच्या गड्यांसाठीच राखून ठेवावेत, असा आग्रह मी त्या प्रशिक्षकांपाशी धरला. आणि पुढच्या सरावात त्या उंच मुलाला त्यांनी सातव्या चौरसात बसवले.